सोसायटी कोचीला जाते

करंजदऱ्यात माणसं दोनच प्रकारची, भावी आणि माजी. भावी असतात ते चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून उभे असतात. माजी असतात ते सोसायटीच्या ओट्यावर बसून त्या फ्लेक्सकडं बघत तंबाखू मळतात. तिसगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला असलेलं हे एवढंसं गाव. पण लग्नात मान्यवरांची नावं घ्यायला बसलं की अर्धा मांडव मान्यवर निघतो.

ही नावं घ्यायचं काम वर्षानुवर्षं गहिनीनाथ वांढेकरांकडं, म्हणजे आपल्या नानांकडं. बाजरी, तूर आणि थोडी कपाशी हे त्यांचं सातबाऱ्यावरचं पीक. खरं पीक गळ्यात. माईक हातात आला की नानांचा आवाज असा फुटायचा की आचाऱ्याच्या हातातला झारा थांबावा. माजी सभापती आधी की विद्यमान सरपंच आधी, नवरदेवाचा चुलतमामा कुठल्या पतसंस्थेचा तज्ज्ञ संचालक होता, कारखान्याचा संचालक आणि बाजार समितीचा संचालक एकाच सोफ्यावर बसले तर कुणाला डावीकडून घ्यायचं, हे सगळं नानांना पाठ. लोक लग्न ठरवायला आधी भटजींकडं जात आणि मग तारीख मोकळी आहे का ते विचारायला नानांकडं.

गंमत अशी, की जगाच्या पदव्या वाचणाऱ्या या माणसाच्या नावापुढं स्वतःचं म्हणून काही नव्हतं. तंटामुक्ती समितीत ते 'निमंत्रित', यात्रा कमिटीत 'सहकार्य', शाळेच्या समितीत 'विशेष सहकार्य'. गावात असा माजी नाही ज्याचं नाव नानांनी घेतलं नाही, आणि असा एकही माईक नाही ज्यावर नानांचं नाव कुणी घेतलं.

याचं त्यांना फारसं काही वाटतही नव्हतं. पण ज्ञानेश्वरीचा साखरपुडा झाला आणि सगळं फिसकटलं.

ज्ञानेश्वरी म्हणजे नानांची एकुलती एक लेक. स्थळ कोपरगावचं, बागायती, उसाचं. व्याही कारखान्याचे माजी संचालक, त्यांचे भाऊ माजी सभापती, मेव्हणे माजी नगरसेवक, आणि नवरदेवाचे आजोबा कशाचे तरी संस्थापक. साखरपुड्यात त्यांचा निवेदक एकेकाला घेत गेला, टाळ्या पडत गेल्या. नानाही धंद्यातल्या माणसाच्या कानानं ऐकत होते आणि मनात दाद देत होते. मग नानांची पाळी आली. निवेदकानं कागद उलटा केला, सुलटा केला, शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि म्हणाला, "आणि... मुलीचे वडील."

बस. टाळ्यासुद्धा नीट पडल्या नाहीत.

घरी येताना जीपमध्ये नाना बाहेरचा ऊस बघत बसले. त्यांची मंडळी, सुरेखाकाकू, मात्र बोलल्या. त्या कधी राहत नाहीत.

"आवं, त्यांच्यातल्या कुत्र्याला बी इचारलं आस्तं तर त्यो माजी रखवालदार निघाला आस्ता."

त्याच दिवशी नानांनी ठरवलं की लेकीचं लग्न वैशाखात, त्याच्या आत आपल्या नावापुढं काहीतरी पाहिजे. पत्रिकेत छापता येईल असं आणि मांडवात माईकवर घेता येईल असं. सहा महिने, महिना, आठ दिवसही चालतील. नानांचा अभ्यास होता, की माणूस पदावर एक दिवस बसला तरी माजी मात्र मरेपर्यंत असतो.

नेमकी तेव्हा गावच्या विकास सोसायटीची, म्हणजे पीककर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थेची, निवडणूक लागली. रविराज नावाचा चाळिशीतला गडी, दोन जेसीबींचा मालक आणि गेली सात वर्षं भावी चेअरमन, त्यानं पॅनेल उभं केलं. नाना त्यात शिरले आणि निवडूनही आले. तेरा संचालकांत रविराजचे सात, समोरच्या झुंबरबाईंचे त्यांच्यासकट सहा. पण नुसत्या संचालकपदानं भागत नव्हतं. कारखान्याच्या संचालकाशेजारी गावच्या सोसायटीचा संचालक छापायचा म्हणजे बैलाशेजारी वासरू बांधण्यासारखं. 'चेअरमन' मात्र भारदस्त. तो कशाचा, हे पत्रिकेत कुणी विचारत नाही.

रविराजच्या पॅनेलनं पाच वर्षं सात जणांत वाटून घ्यायची ठरवली आणि चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी रविराजची निघाली. चिठ्ठ्या त्यानंच टाकल्या होत्या, त्यामुळं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. नानांची सहावी. तोपर्यंत ज्ञानेश्वरीची पोरं शाळेत गेली असती.

आता आपल्याकडं चेअरमन निवडायचा म्हणजे आधी संचालक लपवावे लागतात. त्यातून समोर झुंबरबाई. गाव त्यांना आक्का म्हणतं. त्या सोसायटीच्या माजी चेअरमन, साठीच्या पुढच्या, काष्ट्याचं लुगडं, तोंडात मिश्री, आणि माणूस फोडायची अशी हातोटी की नारळानं बघत राहावं. मागच्या खेपेला महाबळेश्वरला लपवलेले दोन संचालक स्ट्रॉबेरी खाता खाता आक्काच्या जीपमध्ये जाऊन बसले होते. म्हणून रविराजनं या वेळी तिसगावच्या स्टँडशेजारी ट्रॅव्हल्सचं दुकान असलेल्या समर्थला गाठलं.

"आसं गाव सांग, जिथं आपला मानूस सापडायचा न्हाई," रविराज म्हणाला.

समर्थनं विचार करून सांगितलं, "कोची. केरळात. समुद्राच्या काठाला जुनं शहर हाय. भाषा आशी, की कुनाला फुटायचं म्हनलं तरी रस्ता इचारता येनार न्हाई."

"कुनाला बोलायचं न्हाई."

"दादा, धंद्याचा परश्न हाय," समर्थ म्हणाला, आणि त्यानं शब्द शेवटपर्यंत पाळला.

निघायच्या आधी भैरोबाच्या देवळात बेल-भंडारा झाला. सगळ्यांनी हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ वाहिली, की मत रविराज सांगेल त्यालाच. आमोस उजागरे तेवढे बाहेर ओट्यावर बसले. आमोस हे पॅनेलमधले ख्रिस्ती संचालक, इतिहासाचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "आमच्यात शपथ वाहायची नसते. हो म्हणालो म्हणजे हो." रविराजला हे पटलं नाही. नुसतं हो म्हणणाऱ्या माणसावर कुणी कसा विश्वास ठेवावा? पण मास्तर चर्चच्या अधिवेशनाला एकदा कोचीला जाऊन आले होते, इंग्रजी बोलत होते, म्हणून वाटाड्या म्हणून त्यांना चालवून घेतलं. सगळ्यांचे मोबाईल एका खताच्या पिशवीत गोळा झाले आणि पिशवी रविराजच्या उशाखाली गेली.

पुण्याहून रेल्वे. रेल्वेत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एकमेकांवर नजर. लघवीला उठलेल्या माणसामागं दुसरा माणूस. कोकण गेलं, गोवा गेलं, कर्नाटक गेलं. बाहेर नद्याच नद्या, नारळच नारळ. पाथर्डी तालुक्यातली सात माणसं खिडक्यांना चिकटून ते पाणी बघत होती. एकानं शेवटी म्हटलं, "हे येवढं पानी ह्यांच्या काय कामाचं?" ते वाक्य दुसऱ्या दिवसापर्यंत पुरलं.

कोचीत उतरले तर हॉटेलात जेवणाआधी गुलाबी गरम पाणी आलं. कुणी पिईना. रविराजनं आधी आमोस मास्तरांना प्यायला लावलं, अर्धा तास वाट पाहिली, मग बाकीच्यांनी घोट घेतला. भात लालसर, दाणा बोटाएवढा. खोबरेल तेलाचा वास आला की एक संचालक नाक धरून म्हणायचा, "आमच्यात हे डोक्याला लावत्यात."

नानांचं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. पत्रिकेचं प्रूफ तिसगावच्या प्रेसमधून त्या दिवशी येणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज आंघोळीला गेलेला बघून ते लॉजच्या काउंटरवर गेले, हातवारे करून मॅनेजरचा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

"आलं का?" नानांनी विचारलं.

"आलं. त्यांच्या बाजूला नऊ वळी, आपल्या बाजूला दोन," सुरेखाकाकू म्हणाल्या. "येक तुमची न येक देवाची."

"देवाच्या पुढं काय छापलंय?"

"श्री भैरवनाथ प्रसन्न. त्याला बी कायतरी हाय. तुमच्या पुढं नुस्तं श्रीयुत. प्रेसवाला इचारतो, छापू का थांबू?"

"थांब म्हनावं."

"कशासाठी? सहावी पाळी तुमची. का तितं समुद्रातून वर काडनार हायेत चेअरमनपद?"

नानांनी फोन ठेवला. वळून बघतात तो पॅनेलमधला एक गडी जिन्यात उभा. तो तसाच वर गेला. चहा पिऊन झाला तोवर सगळ्यांना कळलं होतं, की नाना फोनवर कुणाला तरी 'थांब' म्हणाले.

मग बोटीनं पलीकडं, जुन्या कोचीत. आमोस मास्तर पुढं, मागं पाच जण ओळीनं, शेवटी रविराज, शेरडं बाजाराला नेल्यासारखा. काठावर ती चिनी जाळी. दहा-बारा माणसांना झोपवता येईल एवढं जाळं, भल्या मोठ्या लाकडी दांड्यांना बांधलेलं, आणि मागं दोरांना दगड लोंबत. कोळी दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं पाण्यातून वर. "ही जाळी चीनमधून आली असं मानतात, कित्येक शतकांपूर्वी," मास्तर सांगत होते. नानांना मोटेची आठवण झाली. जाळं वर आलं तर त्यात मूठभर मासळी, आणि त्यासाठी पाच-सहा दांडगे गडी घामाघूम. काठावरची मांजरं तेवढी खूश होती.

शेजारच्या जाळ्याला मात्र एक बाई दोर धरून लटकली होती. काष्ट्याचं लुगडं, पदर खोचलेला. ती कोळ्यांना मराठीत हुकूम सोडत होती.

"वढा रं, जोर लावा. सोसायटीची वसुली हाय ही, जोर लावल्याबिगर वर येत न्हाई."

रविराजच्या हातातली नारळपाण्याची काडी तशीच राहिली. आक्का. आणि मागं ओळीनं तिचे पाचही संचालक, डोक्याला एकसारख्या टोप्या घालून, वेफर खात. म्हणजे करंजदऱ्याची सगळीच्या सगळी सोसायटी अरबी समुद्राच्या काठावर उभी होती. गावात राहिला होता तो सेक्रेटरी.

आक्कांनाही धक्का बसलाच असणार. पण त्या आक्का. दोर सोडला, हात लुगड्याला पुसले, सातांवरून नजर फिरवली. नानांचा ओशाळा चेहरा त्यांना दिसला आणि रविराजनं नानांकडं फेकलेली नजरही दिसली. एवढ्या भांडवलावर त्यांनी दुकान टाकलं.

"काय गहिनीनाथ," त्या लांबूनच म्हणाल्या, "सांगितल्यावानी बराबर टायमाला आलास."

नाना म्हणाले, "आक्का, मी कवा सांगितलं?"

"बरं बरं. न्हाई सांगितलं." आक्का हसल्या आणि पुन्हा जाळ्याकडं वळल्या.

झालं. रविराजनं नानांचा दंड धरला आणि त्यांना एका मोठ्या झाडाच्या सावलीला नेलं.

"नाना, सकाळी फोन कुनाला केल्ता?"

"मंडळीला."

"काय बोलला?"

"पत्रिकेचं."

"मंग थांब कुनाला म्हनला?"

"प्रेसवाल्याला."

"प्रेसवाला कोचीला आलाय का?"

खरं बोलणारा माणूस किती खोटा वाटू शकतो, हे नानांना त्या झाडाखाली कळलं. भंडारा त्यांनी मनापासून उचलला होता. फुटायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. फुटायला लागतं तेवढं धाडस असतं तर माणूस पन्नाशी उलटेपर्यंत 'विशेष सहकार्य' राहिला नसता. रविराजनं खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली, पुन्हा शपथ घ्या म्हणाला. बेलाचं पान कुठून आणायचं? एकानं नारळाची झावळी आणली. ती धरून नानांनी शपथ घेतली, पण झावळीवरची शपथ भैरोबाला कितपत पोचते याची रविराजलाच खात्री वाटेना.

तिथून पुढं कोचीदर्शन म्हणजे पाठशिवणीचा खेळ. गाव जुनं, बघायच्या जागा चार. सात जण जिथं जातील तिथं सहा जण आधी किंवा नंतर हजर. आक्कांनी वाटाड्या केला नव्हता. त्या आमोस मास्तरांपासून दोन खांब अंतर ठेवून उभ्या राहत आणि सगळं फुकटात ऐकत. कळलं नाही तर तिथूनच विचारत, "मास्तर, जरा मोठ्यानं." मास्तरांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. ते मोठ्यानं सांगत.

मग ते जुनं चर्च आलं. आत गारवा, वर छताला दोरीनं ओढायचे कापडी पंखे, आणि एका बाजूला पितळी कठडा लावलेली फरशी. "वास्को द गामा इथं पुरला होता," मास्तर म्हणाले. "समुद्रमार्गानं हिंदुस्थानात आला तो. मेला इथंच, कोचीत."

"हुता म्हंजे? आता न्हाई?" रविराजनं विचारलं.

"नाही. काही वर्षांनी त्याच्या मुलखात नेला. इथं फक्त दगड आहे."

"मानूस नेला न दगड ठिवला?"

"नाव आहे ना त्यावर. लोक बघायला येतात."

नाना कठड्याशी थबकले. भिंतींवरही दगडच दगड होते, कोरलेले, ओळीनं. डच आणि पोर्तुगीज, कोण कुठला अंमलदार, कुठला कप्तान. मास्तर एकेक वाचून दाखवत होते आणि नानांच्या कानात टाळ्या पडत होत्या. सगळे माजी. पाचशे वर्षं होत आली, हाडंसुद्धा जाग्यावर नाहीत, तरी या माणसाला कुणी 'आणि मुलीचे वडील' म्हणत नव्हतं. नानांचे डोळे भरून आले.

रविराजनं ते डोळे पाहिले. त्याला वाटलं, हा माणूस मनातून आक्काकडं गेलेला आहे आणि आता भंडारा आठवून रडतोय. आत्ताच काहीतरी केलं नाही तर सात-सहाचं सहा-सात होणार. तो हळूच जवळ आला.

"नाना, पाचवी पाळी घ्या."

नाना वास्को द गामाकडं बघत राहिले.

"बरं, तिसरी."

नानांनी नाक पुसलं. त्यांची नजर दगडावरच्या नावावरून हलेना.

"नाना, मानसाला येवढं ताठ ऱ्हाऊ न्हाई," रविराज दातओठ खात म्हणाला. "पहिली. पहिली पाळी तुमची. आता तरी बोला."

"मला म्हैना जरी दिला तरी—" नाना कसेबसे म्हणाले.

"म्हैना न्हाई, पूर्ण पाळी. भैरोबाची आन. पर त्या बाईकडं बघायचं न्हाई."

एका शब्दाचीही मागणी न करता नाना सहाव्यावरून पहिल्यावर आले. सभ्य माणसाचं गप्प बसणं राजकारणात किती महागाचं जातं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

दोन खांब पलीकडून आक्कांनी सगळं ऐकलं होतं. पुढचा मुक्काम राजवाड्याचा. मास्तर सांगत होते, की याला डच राजवाडा म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, इथल्या राजासाठी. डचांनी नंतर डागडुजी केली. "मंजे आपल्या समाजमंदिरावानीच," कुणीतरी म्हणालं. "बांदलं यकानं, पाटी दुसऱ्याची." सगळे भिंतीवरचं रामायण बघायला पुढं सरकले तशा आक्का नानांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तोंड चित्राकडं.

"आक्का, मी भंडारा उचललाय," नाना लगेच म्हणाले. "मला फोडू नका."

"तुला कोन फोडतंय? तू हाय तसा बरा हाय." आक्कांनी दशरथाच्या राण्यांवरून नजर हलवली नाही. "तू पहिला हुबा ऱ्हानार ना? आमचे सहा बी तुलाच. बिनविरोध."

"तुमाला काय मिळनार त्यात?"

"ते सात वर्सांचं भावी हाय ना, ते आजून भावीच ऱ्हानार. मला तेवढा गुलाल लई झाला."

परतीच्या रेल्वेत भांडाफोड झाली. सात आणि सहा एकाच डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर. रविराजनं पिशवीतून मोबाईल काढला आणि समर्थला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आक्काला कोची तूच सांगितलं का?"

"व्हय दादा. तुमी दुकानातून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आक्का आल्त्या. त्यांनी बी तेच इचारलं, की आपला मानूस सापडनार न्हाई आसं गाव सांग. तेच सांगितलं. पर तुमचं नाव काडलं न्हाई, आन तुमाला त्यांचं सांगितलं न्हाई. तुमी दोगंबी म्हनला हुता, कुनाला बोलू नको."

समोरच्या बाकावर आक्कांनी वेफरची नवी पुडी फोडली. नाना निर्दोष होते. पण भैरोबाची आण चर्चमध्ये घेतलेली का असेना, मोडता येत नव्हती, आणि बिनविरोधची गोष्ट एव्हाना आक्कांच्या पाचही जणांनी रविराजच्या पाच जणांना वेफर देता देता सांगून टाकली होती. रविराज खिडकीकडं तोंड करून झोपला. झोप लागली नसावी.

निवड झाली. तेरा हात वर गेले. करंजदऱ्याच्या सोसायटीत इतक्या सुखानं काही झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गुलाल उधळला, रविराजच्याच जेसीबीनं नानांवर फुलं टाकली, आणि तिसगावच्या प्रेसला निरोप गेला: छापा, 'विद्यमान चेअरमन'.

आता खरी मजा. नानांनी सगळा अभ्यास माजीचा केला होता, विद्यमानाचा कुणी केलाय? सकाळी दात घासायच्या आधी दारात माणूस. युरिया आला का? कर्जाचं प्रकरण का अडलं? शेजाऱ्याला पीककर्ज मिळालं, मला का नाही? सेक्रेटरी सह्यांचा गठ्ठा घेऊन गोठ्यापर्यंत यायचा. नाना म्हशीखाली बसलेले, एक हात आचळाला, एक हात सहीला. रस्त्यानं जाताना जे लोक 'नाना, राम राम' म्हणत, ते आता 'नाना, तुमी पन तसलेच निघाले' म्हणू लागले. वर मेख अशी, की चेअरमननं लग्नात माईक धरणं शोभत नाही असं गावानं ठरवून टाकलं. पहिल्या दोन लग्नांत नाना सोफ्यावर फेटा बांधून बसले आणि तिसगावहून आणलेला निवेदक सभापतीच्या आधी ग्रामसेवकाचं नाव घेताना ऐकत राहिले. दाढ दुखावी तसं त्यांचं तोंड झालं होतं.

महिन्यातच त्यांनी राजीनामा लिहिला आणि रविराजकडं नेला. पत्रिका छापून झाली होती, माजी व्हायला काही हरकत नव्हती.

रविराजनं कागद वाचला आणि घडी करून परत त्यांच्या खिशात घातला. "नाना, आत्ता न्हाई. कोचीत आपल्यातले दोन जन त्या बाईबरोबर मसाल्याच्या दुकानात लई येळ हुते. सातचे सात ऱ्हायलेत का, मलाच म्हाईत न्हाई."

नाना आक्कांकडं गेले. आक्का म्हणाल्या, "बस गुमान. तू उठलास की परत सहल काडावी लागंल. माझ्या गुडघ्याला ती रेल्वे सोसत न्हाई."

म्हणजे दोघांनाही नाना नको होते, आणि दोघांनाही नानांशिवाय दुसरं कुणी चालत नव्हतं. नाना कागद खिशात घेऊन घरी आले. दारात युरियावाले उभे होतेच.

वैशाखात लग्न लागलं, तिसगावच्या मंगल कार्यालयात, भर दुपारचा मुहूर्त. पत्रिकेत नानांच्या नावापुढं दोन ओळी होत्या आणि सुरेखाकाकूंनी ती देवघरात हळदकुंकू लावून ठेवली होती. राहिला होता माईक. कोपरगावकरांनी आपला निवेदक आणला होता, तोच साखरपुड्याचा, आणि दोन्ही बाजूंच्या याद्या त्याच्याकडं दिल्या होत्या. नवरदेवाची बाजू आधी, मग नवरीची. त्यात माजी चेअरमन आक्का, मग युवा नेते रविराज, आणि सगळ्यांत शेवटी, यजमान म्हणून, विद्यमान चेअरमन गहिनीनाथराव. ते शेवटचं वाक्य नानांना स्वतःच्या आवाजात ऐकू येत होतं.

निवेदकानं सुरुवात केली. व्याही झाले, सभापती झाले, नगरसेवक झाले. संस्थापक आजोबांची सगळी संस्था झाली. त्यांच्या गटातले ऊसतोडणीचे मुकादम झाले. घड्याळाचा काटा मुहूर्तावर आला. आंतरपाट धरलेल्या मामांचे हात खाली यायला लागले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या. भटजींनी दोनदा नानांकडं बघून मनगटावर बोट ठेवलं. आंतरपाटाच्या अलीकडं ज्ञानेश्वरी पाटावर उभी होती, शालूच्या ओझ्यानं वाकलेली, आणि तिचं हसू आता चेहऱ्यावर नुसतं अडकलेलं होतं.

निवेदकानं यादी उलटली. "आता वधूपक्षाकडील मान्यवर..."

नाना उठले. फेटा सावरत व्यासपीठावर गेले आणि त्या माणसाच्या हातातून माईक काढून घेतला. करंजदऱ्याकरांनी माना वर केल्या. हा आवाज त्यांनी नाना चेअरमन झाल्यापासून माईकवर ऐकला नव्हता.

"मुहूर्ताची वेळ झालेली आहे," नाना म्हणाले. "वधूपक्षाकडील सर्व मान्यवरांचं एकत्रित स्वागत. गुरुजी, मंगलाष्टक घ्या."

अक्षता पडल्या, बरोबर वेळेवर. ज्ञानेश्वरीनं एकदा मान वर करून वडिलांकडं पाहिलं. त्या एका नजरेवर नाना अजून बोलत नाहीत, आणि आपणही कशाला बोलावं.

पंगतीत मात्र अनर्थ झाला. आक्का आणि रविराज, सात वर्षांत पहिल्यांदा, शेजारी शेजारी जेवायला बसले.

"मी माजी चेअरमन हाय का सर्व मान्यवर?" आक्का बुंदी मोडत म्हणाल्या.

"माज्या सासरवाडीची मानसं आल्ती, आक्का. माजं नाव नुस्तं चिरडलं," रविराज म्हणाला.

"पदाची हवा डोक्यात गेली त्याच्या."

"लई गेली."

"राजीनामा खिशात घिऊन फिरतो म्हनं. घिऊन टाक."

"घेतो. पर पुढं कोन?"

"ते बघू. आदी ह्याला काड."

सोमवारी सोसायटीत बैठक बसली. नानांच्या खिशातला तो कागद, घामानं मऊ झालेला, तेराही जणांनी कौतुकानं मंजूर केला. आमोस मास्तरांनी तेवढं विचारलं की कारण काय लिहायचं. "वैयक्तिक," सेक्रेटरीनं लिहून टाकलं.

नाना घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि ओट्यावर ऐसपैस बसले. दारात कुणीही नव्हतं. युरियावाले भावी चेअरमन रविराजच्या दाराकडं गेले होते. सुरेखाकाकूंनी चहा आणून ठेवला.

"झालात का माजी?"

"झालो."

"चांगलं झालं. लेक नांदायला गेली, घरात दुसरं लगीन न्हाई. आता ते छापायचं कुठं?"

नानांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"बारसं असतंय की," ते म्हणाले. "पहिलं बारसं आईच्या माहेरी करत्यात. पत्रिका आपल्यालाच काडायची हाय."